स्वच्छ पर्यावरणाचा हक्क आणि सूर्याची वीज: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पर्यावरणाचा विषय निघाला की दोन गट पडायला वेळ लागत नाही. एकाला वाटतं, पर्यावरणाच्या नावाखाली प्रत्येक प्रकल्प कोर्टात अडकतो, सौर आणि पवनसुद्धा. दुसऱ्याला वाटतं, ‘हरित ऊर्जा’ ही पाटी लावून आता डोंगर आणि सडेही (जांभ्या दगडाचे सपाट माळ) हातचे जाणार. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न या दोन भीतींतूनच येतात. मी फोंडा तालुक्यात राहतो. वीज ग्राहकांचे अर्ज लिहून देणं आणि त्यांचा पाठपुरावा करणं हे माझं रोजचं काम. त्यातून जे समजलं ते इथे सांगतो.

राज्यघटनेत ‘स्वच्छ पर्यावरणाचा हक्क’ नेमका कुठे लिहिला आहे?

या शब्दांत कुठेच नाही. अनुच्छेद २१ मध्ये जीविताचा हक्क आहे आणि प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा त्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितलं. त्याआधी, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी घटनेत आल्या होत्या. अनुच्छेद ४८-अ प्रमाणे पर्यावरण, वनं आणि वन्यजीव यांचं रक्षण करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा, आणि अनुच्छेद ५१-अ (ग) प्रमाणे निसर्ग जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरलं.

४८-अ हे राज्यासाठीचं मार्गदर्शक तत्त्व आहे. अशा तत्त्वांवर थेट दावा लावता येत नाही, अनुच्छेद ३७ तसं स्पष्ट म्हणतो. पण न्यायालयं २१, ४८-अ आणि ५१-अ (ग) ही तिन्ही कलमं एकत्र वाचतात, आणि तशी वाचली की ४८-अ ला अनुच्छेद २१ चे दात मिळतात. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ आणि ‘धोक्याची पक्की खात्री पटेपर्यंत थांबू नये, आधीच खबरदारी घ्यावी’ ही दोन तत्त्वं १९९६ च्या वेल्लोर खटल्यापासून आपल्या कायद्याचा भाग आहेत.

हवामानबदलाविरुद्धचा हक्क वेगळा आहे का? तो कधी आला?

२१ मार्च २०२४ रोजी. हा निकाल नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याचा हवाला दोन्ही गट देतात.

खटला माळढोक पक्ष्याचा होता. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे मराठी वाचकाला माळढोक परका नाही. आज त्याचा खरा आसरा राजस्थानात आणि थोडाफार गुजरातेत उरला आहे. हा पक्षी जड अंगाचा, आणि त्याला समोरचं नीट दिसत नाही. उडताना उच्चदाब वाहिनीवर आदळून तो मरतो. नेमक्या त्याच माळरानांवर देशातले मोठे सौर आणि पवन प्रकल्प उभे राहत होते. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात वीजवाहिन्यांवर निर्बंध घातले आणि शक्य तिथे त्या जमिनीखालून न्यायला सांगितलं. एवढ्या मोठ्या क्षेत्रात ते तांत्रिकदृष्ट्या जमणारं नाही, देशाने हवामानाबाबत दिलेली वचनंही त्यामुळे अडतील, असं म्हणत केंद्र सरकार परत न्यायालयात गेलं.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेतला आणि कुठे काय करायचं हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. याच निकालात अनुच्छेद १४ आणि २१ एकत्र वाचून सांगितलं, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क नागरिकांना आहे. समतेचं कलम इथे का आलं? समुद्र वाढला किंवा उष्णतेची लाट आली तर सगळ्यांना सारखी झळ बसत नाही, म्हणून. दिवसभर उन्हात होडी दुरुस्त करणारा रापणकार मच्छीमार आणि वातानुकूलित खोलीत बसलेला माणूस यांच्यातला हा फरक न्यायालयाने घटनेच्या भाषेत मांडला.

माझं मत विचाराल तर निकालाची दिशा बरोबर आहे. पण एक सल राहतोच. नवा हक्क जन्माला आला तो एका पक्ष्याचं संरक्षण सैल करताना. म्हणूनच पुढे कोणी हा निकाल दाखवून ‘हरित प्रकल्प आहे, आता प्रश्न विचारू नका’ म्हणाला, तर तो निकाल अर्धाच वाचतो आहे असं समजा. प्रत्येक ठिकाणी तोलून बघा, हे त्या निकालाचं सांगणं आहे.

म्हणजे या हक्काच्या जोरावर मला सरकारकडून सौर पॅनेल मागता येईल?

नाही. घटनेने कोणालाही पॅनेलचा, अनुदानाचा किंवा अमुक दराचा हक्क दिलेला नाही. ते योजना आणि नियमांतून मिळतं, त्याचं पुढे सांगतो.

मग स्वच्छ ऊर्जेला या हक्काचा उपयोग काय?

नियम टिकवायला. हा उपयोग बातम्यांत येत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे.

उदाहरण घ्या. २००३ च्या वीज कायद्यातलं कलम ८६(१)(ई) राज्याच्या नियामक आयोगाला सांगतं, की नवीकरणीय विजेला चालना द्या आणि एकूण वापरातला ठरावीक वाटा तिच्यातूनच घ्यायला लावा. राजस्थानच्या आयोगाने हे बंधन स्वतःपुरती वीज बनवणाऱ्या कारखान्यांनाही लावलं. कारखाने न्यायालयात गेले. आमचा व्यवसाय करण्याचा मूलभूत हक्क हिरावला जातो, हे त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये हिंदुस्थान झिंक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. निकालाला आधार होता अनुच्छेद २१ आणि ५१-अ (ग) यांचा. प्रदूषण कमी करणं हे व्यापक जनहित आहे आणि त्यासाठी घातलेलं बंधन वाजवी आहे, हा त्याचा सारांश.

हा निकाल उलट लागला असता तर देशातल्या प्रत्येक नवीकरणीय वाट्याच्या नियमावर टाच आली असती. उद्या एखाद्या आयोगाने स्वच्छ विजेसाठी कडक नियम केला आणि कोणी त्याला आव्हान दिलं, तर त्या नियमाच्या मागे घटना उभी राहते.

दुसरा उपयोग म्हणजे निर्णय घेणाऱ्याला कारणं द्यावी लागतात. अधिकाऱ्याने एखादा घटक विचारातच घेतला नाही, पर्याय तपासलेच नाहीत, तर तो निर्णय न्यायालयात टिकत नाही. याचं आपल्या घरचं उदाहरण पेडण्यातल्या मोपा विमानतळाचं आहे.

मोपात नेमकं काय झालं होतं?

मोपा विमानतळाच्या पर्यावरणीय मंजुरीला आव्हान मिळालं आणि २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. प्रकल्पाच्या अर्जातच आसपासच्या निसर्गाची पुरती माहिती नव्हती आणि तज्ज्ञ समितीने ती मागितलीही नव्हती. पर्यावरणाच्या बाबतीतही कायद्याचं राज्य असतं, हे त्या निकालाने विस्ताराने मांडलं. पुन्हा तपासणी झाली आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. उठताना अटी वाढल्या होत्या. विमानतळ शून्य कार्बन पद्धतीने बांधण्या-चालवण्याची हमी त्यांत होती, आणि अटींच्या पालनावर लक्ष ठेवण्याचं काम नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं.

विमानतळ झाला तो बरा की वाईट, यावर पेडण्यात आजही घराघरांत दोन मतं आहेत आणि त्यात मी इथे पडत नाही. माझा मुद्दा एवढाच, की शून्य कार्बनची हमी आपणहून कागदावर आली नव्हती. कोणीतरी हक्काची भाषा बोलत न्यायालयात उभं राहिलं, म्हणून ती आली.

गोव्याची वीज येते तरी कुठून?

बाहेरून. गोव्याचं स्वतःचं मोठं वीजनिर्मिती केंद्र नाही. केंद्रीय वीजघरांतून, मुख्यतः छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या औष्णिक केंद्रांतून, पश्चिम ग्रिडमार्गे, म्हणजे देशाच्या पश्चिम भागातल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून, आपल्याला वाटा मिळतो आणि राज्याचं वीजखातं तो घरोघरी पोहोचवतं. आपण इथे बटण दाबतो, आणि राख कोरबा आणि विंध्याचलच्या बाजूला उडते. गोव्यात स्वच्छ हवेच्या हक्काची चर्चा करताना त्या लोकांचा अनुच्छेद २१ आपण सहसा विसरतो. मला स्वतःला ही गोष्ट उशिरा लक्षात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

२०५० पर्यंत शंभर टक्के नवीकरणीय विजेचं उद्दिष्ट राज्याने जाहीर केलं आहे.

मोल्यातल्या आंदोलनाने वीजच अडवली, असं म्हणतात. पर्यावरणवाद्यांना वीज नको आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि बऱ्याचदा रागाने.

२०२० मध्ये भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून तीन प्रकल्प एकाच वेळी पुढे आले: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) तमनार वीजवाहिनी. तमनार छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात आहे, कोळशाच्या पट्ट्यात. राज्याची वाढती मागणी आणि ग्रिडची खात्री हे सरकारचं कारण होतं. सांगोडला उपकेंद्रासाठी झाडं पडली आणि टाळेबंदीच्या त्या वर्षात विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार ‘आमचें मोलें’ म्हणत उभे राहिले.

पुढे काय झालं ते नीट बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. दुपदरीकरणाची परवानगी रद्द करावी, असं तिने सुचवलं आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची ती मंजुरी रद्दच केली. वीजवाहिनीबाबत मात्र समिती ‘नको’ म्हणाली नाही. नवीन जंगल कापण्याऐवजी, जिथून आधीच वीजवाहिनी जाते त्याच पट्ट्यातून नवी वाहिनी न्या, असं तिने सांगितलं.

या फरकात सगळं आलं. पर्यावरणाचा हक्क घेऊन माणसं पुढे आली नसती तर जुन्या मार्गाचा विचार कोणी केला असता? जंगलात एका रांगेत झाडं तोडली की नुसती तेवढी झाडं जात नाहीत. वरची छत्री फाटते, ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं, तण माजतं, एका फांदीवरून दुसरीवर जाणाऱ्या शेकऱ्याला मध्येच दरी लागते. जुन्या पट्ट्यात हे नुकसान होऊन गेलेलं असतं. त्यात नवी तार ओढली तर वीजही येते आणि दुसरी जखम टळते.

हेही मान्य करायला हवं, की छपरावरच्या पॅनेलने गोव्याची रात्र उजळणार नाही. संध्याकाळी सात वाजता पंखे, एसी, हॉटेलं सगळं एकदम सुरू होतं आणि तेव्हा सूर्य नसतो. ग्रिड लागणारच. चांगली ग्रिड असेल तर दुसऱ्या राज्यातली पवनवीजसुद्धा आपल्याकडे येऊ शकते. म्हणून ‘वाहिनीच नको’ हे मला पटत नाही. ती कुठून जाणार आणि तिच्यातून काय येणार, हे विचारण्याचा हक्क मात्र मी सोडणार नाही.

मुरगाव बंदरातला कोळसा आपल्या विजेसाठी येतो का?

नाही. तो प्रामुख्याने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी उतरतो. वास्कोतले रहिवासी कोळशाच्या धुळीबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आहेत, ‘गोंयात कोळसो नाका’ ही हाक तिथूनच राज्यभर गेली. घरच्या विजेशी त्याचा थेट संबंध नसला तरी हक्क तोच, श्वासाचा.

सौर प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागतच नाही, हे खरं आहे का?

खरं आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत सौर फोटोव्होल्टाइक (उन्हापासून थेट वीज बनवणारी पॅनेल), पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या यांचा समावेश नाही. म्हणजे जनसुनावणीही नाही. वनजमीन लागणार असेल तर वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते, किनाऱ्यावर असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम येतात, अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळ.

आता आपल्या सड्यांचा विचार करा. वरून बघणाऱ्याला जांभ्या दगडाचा सडा म्हणजे ओसाड माळ वाटतो. कागदावर तो बहुतेक वेळा ‘पडीक’ असतो. पण पहिला पाऊस पडून गेल्यावर तिथे जाऊन गुडघ्यावर बसा. दगडातल्या तळहाताएवढ्या खळग्यात पाणी साचलेलं असतं, त्यात बेडकांची पिल्लं, कडेला बोटभर उंचीची किडे खाणारी ड्रॉसेरा, आणि श्रावणात तर जांभळ्या-पिवळ्या फुलांचा गालिचा. खाली गावातल्या विहिरीला पाणी याच सड्यातून झिरपतं. इथे पॅनेलची शेती झाली तर कुठलीही पर्यावरणीय मंजुरी आड येणार नाही, एखादं जनसुनावणीचं पत्रकही येणार नाही.

अशा वेळी अनुच्छेद २१ शेवटचा आधार ठरतो. कायद्याच्या यादीत नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. पर्याय तपासले का, विहिरींचं काय, चराऊ जमीन कोणाची, हे प्रश्न उच्च न्यायालयात मांडता येतात. आणि माझ्या मते ते प्रश्न सौर ऊर्जेच्या भल्याचेच आहेत. चुकीच्या जागी उभा राहिलेला एक प्रकल्प पुढच्या दहा चांगल्या प्रकल्पांविरुद्ध गाव उभा करतो.

मग पॅनेल लावायची कुठे?

आधी छपरांवर. गोव्यातल्या किती स्लॅबच्या घरांवर पावसापासून बचाव म्हणून पत्र्याची शेड चढलेली आहे ते बघा. सरकारी कार्यालयं, शाळा, मार्केट संकुलं, वाहनतळ, औद्योगिक वसाहतींतल्या शेड. त्यानंतर, गावाची संमती असेल तर, खाणींनी आधीच ओरबाडलेली जमीन.

खाणींचा संदर्भ आला म्हणून एक सांगतो. २१ एप्रिल २०१४ च्या गोवा फाउंडेशन खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणीच्या उत्पादनावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतल्या रकमेचा दहा टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं. शाश्वत विकास आणि पुढच्या पिढ्यांचा वाटा हा त्यामागचा विचार. जमिनीखालची संपत्ती एकदाच काढता येते, सूर्य रोज येतो. जे लोखंड निघून गेलं त्याच्या खड्ड्याकाठी पुढच्या पिढीसाठी वीज तयार व्हावी, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण डिचोली-सत्तरीत खाणीतल्या खंदकांचं पाणी उन्हाळ्यात उपयोगाला येतं, म्हणून पाण्यावर पॅनेल पसरवण्याआधी तिथल्या लोकांना विचारलंच पाहिजे.

माझ्या घरावर पॅनेल बसवायचं आहे. कायद्याने माझा हक्क काय?

इथे तुमची बाजू बरीच भक्कम आहे, फक्त लोकांना ती ठाऊक नसते.

केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार स्वतः वीज बनवणारा ग्राहक हा ग्राहकच राहतो आणि त्याचे सगळे हक्क शाबूत राहतात. छपरावर सौर संच बसवणं हा त्यांतलाच एक हक्क आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्टता आली. १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर झाला असं धरलं जातं. त्याहून मोठ्या संचाची तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. ५ किलोवॅटपर्यंत तुमच्यामुळे ट्रान्सफॉर्मर किंवा तारा वाढवाव्या लागल्या तर तो खर्च वीज पुरवणाऱ्याने सोसायचा. ‘तुमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर भरला आहे’ असं कोणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान थेट बँकेत जमा होतं. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. आषाढात ती बरीच घटते, मार्च-एप्रिलमध्ये भरून निघते. नेट मीटरिंगचा फायदा इथेच होतो, कारण दुपारी ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते.

माझ्या स्वतःच्या घरी तीन किलोवॅट आहेत. बसवणाऱ्याने सकाळी येऊन मोजमाप घेतलं आणि सगळी रांग पश्चिमेच्या कडेला लावून टाकली. पहिल्या महिन्यात वीज कमी का, ते कळेना. एक दिवस तीन वाजता मी शेडवर चढलो. शेजारच्या माडाच्या एका झावळीची सावली, हातभर रुंद, कोपऱ्यातल्या एकाच पॅनेलवर पडली होती. पॅनेल माळेसारखी एकामागून एक जोडलेली असतात, त्यामुळे एक झाकलं की सगळी रांग ढेपाळते. शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “माड कापायचा नाही हां.” अर्थात नाही. बसवणाऱ्याला परत बोलावून दोन पॅनेल पूर्वेकडे हलवली, त्याचे वेगळे पैसे गेले. तुम्ही बसवाल तेव्हा सावली दुपारी तीन आणि चारलाही बघून घ्या. पावसाळ्यानंतर काचेच्या खालच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ धरते, ती मऊ फडक्याने पुसा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर सांगाडा आणि बोल्ट गंज न धरणारेच मागा, खाऱ्या वाऱ्यापुढे साधं लोखंड फार दिवस टिकत नाही.

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काय करायचं?

गृहसंकुलाच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. सोसायटीच्या सभेत ठराव करून घ्या. भाडेकरूंसाठी आणि मुंडकारांसाठी (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी) अजून सोय अपुरी आहे, ही या सगळ्यातली खरी उणीव. छप्पर ज्याचं त्यालाच सूर्य, असं होऊन बसलं आहे. समतेचं कलम हवामानाच्या हक्कात आलंच आहे, तर धोरण करणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

हॉटेलं आणि उद्योगांसाठी २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी किमान वीजमागणीची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली आहे. त्यांना बाहेरून स्वच्छ वीज विकत घेता येते.

पंचायत यात काही करू शकते का?

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत पंधराव्या क्रमांकावर ‘अपारंपरिक ऊर्जा स्रोत’ आहे. गावागावांत हे सांगितलं की सरपंचसुद्धा चकित होतात. हा विषय प्रत्यक्षात किती सोपवायचा ते राज्य ठरवतं, म्हणून पंचायतीला फार मोठे अधिकार आहेत असं मी म्हणणार नाही. पण पंचायतघर, अंगणवाडी, पथदिवे, नळयोजनेचा पंप यांच्यासाठी सौर ठराव करायला कोणाची आडकाठी नाही. आणि रविवारच्या ग्रामसभेतला ठराव, कोणता सडा राखायचा आणि कोणत्या छपरावर पॅनेल हवीत हे स्पष्ट सांगणारा, पुढे न्यायालयात भक्कम पुरावा ठरतो.

सांगे, काणकोण, सत्तरीत जिथे वनहक्काचे दावे आहेत, तिथे २००६ चा वनहक्क कायदा गावाचा शब्द आणखी वजनदार करतो. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबाबतच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांनाच निर्णय घ्यायला सांगितलं होतं.

दुसऱ्या देशांत असं कुठे झालं आहे?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या १९७२ च्या घटनेत स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे. तिथल्या कायद्याने मात्र प्रकल्प तपासताना हरितगृह वायूंचा विचार करायलाच बंदी घातली होती. १६ मुलं-तरुण न्यायालयात गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये जिंकले आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण हवाईचं. समुद्र, पर्यटन, सगळं इंधन बाहेरून. निलगिरीची झाडं जाळून वीज बनवणारा एक प्रकल्प ‘नवीकरणीय’ म्हणून पुढे आला होता. तिथल्या आयोगाने खर्च आणि उत्सर्जन बघून तो नाकारला, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची पाठराखण करताना जगण्यालायक हवामानाच्या घटनात्मक हक्काचा आधार घेतला. नावापुरत्या हरित प्रकल्पाला त्या हक्काने चाळणी लावली, आणि खऱ्या सौर-पवनाची वाट मोकळी राहिली.

तक्रार करायची तर कुठे जायचं? थेट हायकोर्टात?

घाई करू नका. मीटर, मंजुरी, बिलाचा प्रश्न असेल तर आधी वीजखात्याकडे लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग वीज लोकपाल. माहिती हवी असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस.

वीजदर आणि नवीकरणीय वाटा ठरवतो गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग. दर ठरवण्याआधी तो हरकती मागवतो, गोव्यात सुनावणी घेतो. या सुनावणीला खुर्च्या रिकाम्या असतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण किती सौर वीज घेतली, ठरलेला वाटा पुरा झाला का, नाही तर का नाही, हे तोंडावर विचारण्याची जागा हीच आहे. वकील लागत नाही. दोन पानांची हरकत पुरते.

जंगल, नदी, प्रदूषण असा विषय असेल तर राष्ट्रीय हरित लवाद. तिथे बहुतेक अर्जांना सहा महिन्यांची मुदत असते आणि मंजुरीविरुद्धच्या अपिलाला जेमतेम ३० दिवस, उशिराचं कारण पटलं तर आणखी ६०. तारीख चुकवू नका. आपलं लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. २०१७ मध्ये गोव्याची प्रकरणं दिल्लीला हलवण्याची अधिसूचना निघाली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केली. सत्तरीतल्या शेतकऱ्याला रात्रीच्या बसने पुण्याला जाता येतं. दिल्लीला जायचं म्हटलं तर तो हक्क कागदावरच राहिला असता.

मूलभूत हक्काचाच प्रश्न असेल तर अनुच्छेद २२६ खाली पर्वरीला उच्च न्यायालय. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

हे सगळं मराठीतून करता येतं का?

सरकारी कार्यालयांत हो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही मुभा आहे. खात्याकडे अर्ज मराठीत लिहा. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, तिथे वकील किंवा विधी सेवेची मदत लागेल. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.